झ्लात्को झाहोविच: निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी नेटवर याची चलती का?

मध्यरेषा

साधी शंका आहे. झ्लात्को झाहोविच. जन्म १९७१, गाव मारिबोर, देश स्लोव्हेनिया. मिडफिल्डर, पाठीवर दहा नंबर. २००५ ला खेळणं थांबलं. वर्ल्डकप जिंकला नाही, चॅम्पियन्स लीगची फायनल खेळला तीही हरला, मोठ्या लीगमध्ये म्हणाल तर स्पेनमध्ये एक मोसम. देशाची लोकसंख्या आपल्याकडच्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी.

आणि तरी हा माणूस यूट्यूबवर, इन्स्टाच्या 'जुनं फुटबॉल' छापाच्या पानांवर सारखा समोर येतो. खाली कमेंट पोर्तुगीजमध्ये, सर्बियनमध्ये, ग्रीकमध्ये, स्पॅनिशमध्ये. शिवाय 'हा कोण होता, मला आधी कुणी सांगितलं का नाही' असं विचारणारी विशीतली पोरं. त्याच काळातले त्याच्याच तोडीचे कितीतरी मिडफिल्डर होऊन गेले, त्यांच्या क्लिपांना कुत्रं विचारत नाही.

माझं मत: भांडण. ग्वांगजूला २००२ मध्ये जे झालं त्यामुळे. बाकीचं सगळं त्याच्यामागून आलं. पटत नसेल तर बोला.

चहाबिस्किट

पहिला नंबर! आता वाचतो.

गणितमास्तर

पटत नाही. भांडण करणारे फुटबॉलपटू पैशाला पासरी मिळतात, सगळे लोकप्रिय होत नाहीत.

आकडे बघा. देशाकडून ८० सामने, ३५ गोल. मिडफिल्डर असून स्लोव्हेनियाचा आजवरचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू. दुसऱ्या नंबरवर मिलिवोये नोवाकोविच, ३२ गोल, तोही बरोब्बर ८० सामन्यांत, आणि तो पूर्णवेळ स्ट्रायकर.

नेटवर विक्रमाच्या यादीत पहिलं नाव असण्याचा फायदा काय, ते सांगतो. बेन्यामिन शेश्को नावाचा पोरगा आला आहे, २००३ चा जन्म, आता मँचेस्टर युनायटेडला. त्याने देशाकडून गोल केला की कुठलं ना कुठलं पान तक्ता टाकतं: झाहोविच ३५, शेश्को इतके. म्हणजे गोल शेश्कोचा आणि जाहिरात झाहोविचची. नवीन पोरं तक्ता बघतात, वरचं नाव अनोळखी वाटतं, शोधतात, क्लिप सापडते. यात भांडणाचा संबंध कुठे आला?

केतकी_प

क्रिकेटवाली आहे, सांभाळून घ्या. ग्वांगजूला काय झालं होतं?

मध्यरेषा

@केतकी_प, सविस्तर सांगतो, कारण सगळा धागा त्यावर उभा आहे.

स्लोव्हेनिया १९९१ ला युगोस्लाव्हियातून वेगळा झाला. १९९८ च्या वर्ल्डकपच्या पात्रता फेरीत त्यांना आठ सामन्यांत मिळून एक गुण मिळाला होता. एक. मग १९९८ ला स्रेच्को कातानेत्स प्रशिक्षक झाला आणि पुढच्या चार वर्षांत हा संघ युरो २००० (युरोपातल्या देशांची स्पर्धा) आणि वर्ल्डकप २००२, दोन्हीकडे पोचला. दोन्ही वेळा प्लेऑफ जिंकून, आधी युक्रेनला आणि मग रुमानियाला हरवून. या संघाचा मेंदू झाहोविच.

२ जून २००२, रविवार. कोरियात ग्वांगजूला स्पेनविरुद्ध पहिला सामना, स्लोव्हेनियाचा वर्ल्डकपमधला पहिलावहिला. आपल्याकडे संध्याकाळी पाचला टेन स्पोर्ट्सवर लागला होता. पहिला अर्धा संपता संपता राऊलने गोल केला. दुसऱ्या अर्ध्यात कातानेत्सने झाहोविचला बाहेर काढलं आणि आचिमोविचला आत घेतलं. सामना १-३ असा गेला. नंतर ड्रेसिंग रूममध्ये झाहोविच कातानेत्सवर असा काही घसरला की बोलायची सोय नाही. तू खेळाडू म्हणून भिकार होतास, प्रशिक्षक म्हणूनही तसाच, तुला, तुझ्या घराला, तुझ्या कुटुंबाला मी विकत घेईन, अशा अर्थाचं बोलला. ते सगळं बाहेर फुटलं आणि पेपरांत छापून आलं. ल्युब्लियानाजवळच्या श्मार्ना गोरा नावाच्या डोंगराचाही त्या खरेदीत उल्लेख होता म्हणतात.

पत्रकार परिषदेत कातानेत्सला रडू आवरेना. झाहोविचची घरी रवानगी झाली. उरलेले दोन्ही सामने स्लोव्हेनिया हरला, दक्षिण आफ्रिकेशी ०-१ आणि पराग्वेशी १-३. कातानेत्स पायउतार झाला. चार वर्षं विटेवर वीट ठेवून जे उभं केलं ते दहा दिवसांत आडवं.

आता सांगा, ही गोष्ट कुणी शेअर करणार नाही का?

निवांत_पेठकर

श्मार्ना गोरा म्हणजे तिथली पर्वती समजा. रविवारी सकाळी अख्खी ल्युब्लियाना तिथे चढायला, वर देऊळ, उतरल्यावर खाणं. आता कुणी ड्रेसिंग रूममध्ये 'मी तुझ्यासकट पर्वती विकत घेईन' म्हणाला तर पुणेकर वीस वर्षांत विसरतील का? पुणेकर आधी सातबारा कुणाच्या नावावर आहे ते विचारतील.

चहाबिस्किट

=)) सातबारा!

साळगांवचो

तुम्ही सगळे ग्वांगजूत अडकलात. मी गोव्याचा, आमच्याकडे झाहोविच म्हटल्यावर कोरिया कुणाला आठवत नाही, पोर्तो आठवतं. माझा मामा आजन्म बेन्फिकावाला, म्हणजे पोर्तोच्या कट्टर वैरी क्लबचा, त्यामुळे घरात या माणसाला आधी शिव्या आणि मग ओव्या, असा प्रवास मी डोळ्यांनी बघितलाय.

क्रम असा: १९९३ ला बेलग्रेडच्या पार्तिझानकडून तो पोर्तुगालला गिमाराइंशला आला. १९९६ ला पोर्तोने उचलला. पोर्तोने तेव्हा लागोपाठ पाच लीग जिंकल्या, १९९५ ते १९९९, त्यातल्या शेवटच्या तिन्हींत हा होता. पुढे मारियो जार्देल, बाजूला द्रुलोविच, मागून झाहोविच. जार्देलच्या डोक्यावर चेंडू पडायचा आणि जार्देल गोल करायचा, एवढंच लोकांना दिसायचं. तो चेंडू तिथवर यायच्या आधी दोन पास कुठून निघाले, ते बघायला वेगळी नजर लागते. १९९८-९९ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये तर पोर्तो गटातच गारद झाला तरी याचे सात गोल होते. सात! मिडफिल्डर!

मग ग्रीसला ऑलिंपियाकोस एक मोसम, वलेन्सिया एक मोसम, आणि २००१ ला परत पोर्तुगालला, पण बेन्फिकात. पोर्तोचा माणूस बेन्फिकात येणं हे तिथे किती नाजूक प्रकरण असतं, ते मामाच्या चेहऱ्यावर बघायला हवं होतं. पहिले काही महिने नाव घ्यायचा नाही, 'तो पोर्तोकार' म्हणायचा. २००४ ला बेन्फिकाने पोर्तुगीज कप जिंकला, फायनलमध्ये मोरिन्योच्या पोर्तोला २-१ ने हरवून. तोच पोर्तो दहा दिवसांनी युरोपचा चॅम्पियन झाला. त्यानंतर मामाने 'आमचो झाहोविच' म्हणायला सुरुवात केली.

मुद्दा असा की पोर्तुगालमधले दोन मोठे क्लब, त्यांचे जगभरचे चाहते, लिस्बनपासून ब्राझील, अंगोला आणि आमच्या मडगावपर्यंत. हे लोक नेटवर काय करतात? जुन्या क्लिपा टाकतात आणि भांडतात. पोर्तोवाले म्हणतात आमच्याकडे होता तेव्हा खरा होता, बेन्फिकावाले म्हणतात आमच्याकडे आला तेव्हा शहाणा झाला. एका क्लिपखाली तीनशे कमेंट अशाच पडतात. तुमच्या त्या दोन मिलियनच्या देशाने त्याला नेटवर मोठं केलं नाही, आमच्या पोर्तुगीज बोलणाऱ्या भांडखोरांनी केलं.

मध्यरेषा

@साळगांवचो, म्हणजे शेवटी भांडणच ना? :)

साळगांवचो

आमचं भांडण वेगळं, त्याचं वेगळं. त्याच्या भांडणाला आमच्याकडे कुणी विचारत नाही.

रंकाळा_काठ

भावांनो, धागा तापलाय. पण एकानंही शार्लर्वाचं नाव काढलं नाही? लाज वाटू द्या.

१३ जून २०००. युरो. बेल्जियममधलं शार्लर्वा. स्लोव्हेनियाचा कुठल्याही मोठ्या स्पर्धेतला पहिला सामना, आणि समोर कोण? युगोस्लाव्हिया. ज्या देशातून नऊ वर्षांपूर्वी फुटून निघाले, तोच. आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू झालेला सामना. आमच्या तालमीत टीव्ही होता, पोरं सगळी हॉलंडसाठी जागणारी, हा सामना बघायला मी आणि रखवालदार, एवढीच मंडळी.

तेविसाव्या मिनिटाला झाहोविचचं हेडर, १-०. दुसऱ्या अर्ध्यात पाव्लिनचा हेडर, २-०. मग मिहायलोविचनं स्वतःच्या पेनल्टी बॉक्सपुढं आडवा पास ढिला सोडला. झाहोविच तिथं उभाच. उचलला आणि घातला, ३-०. सत्तावन्न मिनिटं झाल्यात, तीनपैकी दोन याचे. वर त्याच मिहायलोविचला तीन मिनिटांत लाल कार्ड. दहा जण, तीन गोल मागं. रखवालदार म्हणाला, 'बंद कर, वीज जळतीय.'

मग काय झालं? मिलोशेविच ६७, द्रुलोविच ७०, मिलोशेविच ७३. सहा मिनिटांत तीन! ३-३! दहा जणांनी!

आता गंमत ऐका. साळगांवच्या भावानं वर द्रुलोविचचं नाव घेतलं ना, पोर्तोत झाहोविचच्या बाजूला खेळणारा? तोच हा. तीन मोसम एका ड्रेसिंग रूममध्ये कपडे बदलले, एकाच क्लबसाठी तीन लीग जिंकल्या, आणि इथं एकानं दोन घातले, दुसऱ्यानं परतफेडीचा मधला घातला. ही एक क्लिप बघा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग विचारा हा नेटवर का चालतो म्हणून. नाद खुळा सामना, विषय संपला.

गणितमास्तर

@रंकाळा_काठ, हॉलंडसाठी जागणाऱ्यांना हे कळलं तेव्हा काय म्हणाले?

रंकाळा_काठ

सकाळी पेपर वाचून 'आम्हीपण बघितला' म्हणाले. कोल्हापूर आहे हे.

ऑफसाइड_वऱ्हाडी

आमी इकडं शांत बसून वाचून राहिलो होतो. पण एक गोष्ट सगळे दाबून राहिले. २००१ ची चॅम्पियन्स लीग फायनल, मिलानमध्ये, वलेन्सिया विरुद्ध बायर्न. पेनल्टीवर गेली. झाहोविचनं मारली आन् गोलपोस्टाच्या वरून स्टँडात. हे सांगा ना पोर्तोवाल्यायले. हिरो काय हिरो!

साळगांवचो

वरून नाही गेली, बायर्नचा गोलकीपर ऑलिव्हर कानने अडवली. वरून गेली ती बायर्नच्या पाउलो सर्जिओची, पहिलीच. त्या रात्री वलेन्सियाच्या तीन पेनल्टी फुकट गेल्या, झाहोविच, कार्बोनी आणि शेवटी पेलेग्रिनो. शिव्या तिघांत वाटून द्या. शिवाय आपला माणूस सबस्टिट्यूट म्हणून आला होता.

ऑफसाइड_वऱ्हाडी

बरं, अडवली. म्हंजे अजून वाईट ना बे, वरून गेली तं निदान स्टँडातल्या पोट्याले बॉल तरी भेटला असता.

खुर्चीतला_मॅनेजर

माझ्यासारखे काही इथे असतील तर हात वर करा. आम्ही झाहोविचला टीव्हीवर बघायच्या आधी कॉम्प्युटरवर ओळखलं. चॅम्पियनशिप मॅनेजर ०१/०२. ना ग्राफिक्स, ना आवाज, नुसती नावं आणि आकडे, आणि त्यावर कॉलेजचं अख्खं वर्ष पाण्यात. २००८ च्या डिसेंबरमध्ये कंपनीने तो गेम फुकट करून टाकला, आणि आजही लोक नवीन खेळाडू भरून तो खेळतात. त्या गेमने काही नावं अशी अमर केली आहेत की बास. बेलारूसचा मॅक्सिम त्सिगाल्को, प्रत्यक्षात दुखापतींनी कारकीर्द संपली, २०२० ला बिचारा गेला, पण गेममध्ये मोसमाला पोतंभर गोल. पोर्तुगालचा तो मादेइरा तर मुळात अस्तित्वातच नव्हता, डेटा भरणाऱ्याने घुसडलेला. अस्तित्वात नसलेला माणूस नेटवर लोकप्रिय होऊ शकतो, तर झाहोविचला काय अडचण?

त्यामुळे १९९७ ते २००३ या काळात युरोपात मधल्या फळीत खेळलेला कुणीही घ्या, त्याला आमच्या पिढीचा एक कायमचा चाहतावर्ग आहे. आम्ही आता चाळिशीत, पोरं झोपली की यूट्यूब. ज्यांना नुसतं २० पैकी १७ पासिंग म्हणून ओळखत होतो ते दिसायचे कसे, ते आता बघतो.

चहाबिस्किट

हात वर. बायको विचारते कुणाला बघतोयस, म्हटलं ऑफिसचं काम.

मुराकाठची

इतके दिवस वाचनमात्र होते, या धाग्यासाठी लिहिते. मी ऑस्ट्रियात ग्राझला शिकायला होते, तिथून मारिबोर ट्रेनने तासाभरावर. मारिबोरचं स्टेडियम ल्युद्स्की व्र्त, काँक्रीटची मोठी कमान असलेलं छप्पर, सगळीकडे जांभळा रंग. क्लबचा रंग तोच. स्टेडियम शहरातच आहे, बाजारहाट करून चालत जाता येतं.

तुम्ही सगळे खेळाडू झाहोविचबद्दल बोलताय. तिथल्या माझ्या वयाच्या लोकांसाठी तो आधी मारिबोरचा क्रीडा संचालक. २००७ ते २०२०, तेरा वर्षं. या काळात क्लबने लीगमागून लीग जिंकल्या आणि दोनदा चॅम्पियन्स लीगच्या गटात पोचला. २०१४ ला सेल्टिकला त्यांच्याच मैदानावर हरवून गेले, आणि पहिल्याच सामन्यात स्पोर्टिंग लिस्बनविरुद्ध शेवटच्या क्षणी बरोबरीचा गोल कुणी केला? लुका झाहोविचने. मुलगा. तेव्हा अठरा वर्षांचा. बापाने गोल केले पोर्तो-बेन्फिकासाठी आणि मुलाने केला स्पोर्टिंगवर, पोर्तुगालची तिन्ही घरं झाली. २०१७ ला परत पोचले तेव्हा लिव्हरपूलने त्याच ल्युद्स्की व्र्तमध्ये ७-० ने धुतलं, ते मात्र कुणी मारिबोरकर आपणहून काढत नाही.

आणि मुलगा क्लबमध्ये, बाप संचालक, म्हटल्यावर काय बोललं जातं ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

माझ्या ओळखीच्या स्लोव्हेनियन लोकांत दोन तट होते. एक म्हणतो, त्या पिढीने आम्हाला नकाशावर आणलं, त्याच्याशिवाय काहीच नसतं. दुसरा म्हणतो, आमच्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर उन्हाळा त्याने नासवला. एकदा जेवताना एका मित्राच्या वडिलांनी विषय काढला आणि त्यांची पत्नी उठून स्वयंपाकघरात गेली, कारण आता तासभर हेच चालणार हे तिला माहीत. तिथली नेटवरची चर्चाही अशीच असते. तो स्वतःही गप्प बसणाऱ्यांतला नाही. मुलाखत दिली की मथळा नक्की.

जाता जाता: मारिबोरला गेलात तर नदीकाठी लेंट भागात चारशे वर्षांहून जुनी द्राक्षाची वेल आहे, फळ देणारी जगातली सगळ्यात जुनी वेल म्हणून गिनीजमध्ये नोंद. फुटबॉल नको असेल तर ती बघा.

द्राक्षबागाईतदार

निफाडहून. चारशे वर्षं वेल?? आमच्याकडे पंधरा वर्षांत बाग काढायची वेळ येते. खुंट कुठला आहे? छाटणी कधी घेतात?

मुराकाठची

@द्राक्षबागाईतदार, जात 'झामेतोव्का', काळी द्राक्षं. थोडीशीच वाइन निघते, ती छोट्या बाटल्यांत भरून शहराची भेट म्हणून पाहुण्यांना देतात. छाटणीचा तिथे समारंभ असतो, कलमं दुसऱ्या शहरांना भेट जातात.

द्राक्षबागाईतदार

छाटणीचा समारंभ! आमच्याकडे छाटणीला मजूर मिळाला की समारंभ.

ऑफसाइड_वऱ्हाडी

झाहोविचले आता द्राक्षात घुसवा.

उलटतपासणी

सगळे प्रतिसाद वाचले. एक प्रयोग करून बघू. मूळ प्रश्न 'हाच का' असा आहे ना? मग दुसरा स्लोव्हेनियन मिडफिल्डर घ्या आणि तुलना करा. रॉबर्ट कोरेन. हाही निवृत्त. २०१० च्या वर्ल्डकपला कर्णधार. १३ जून २०१० ला दक्षिण आफ्रिकेत पोलोक्वानेला अल्जेरियाविरुद्ध एकमेव गोल त्याचा, स्लोव्हेनियाचा वर्ल्डकपमधला पहिला विजय. तारीखही शार्लर्वाचीच, दहा वर्षांनी. इंग्लंडमध्ये वेस्ट ब्रॉम आणि हल सिटीकडून वर्षानुवर्षं खेळला, म्हणजे जगातल्या सगळ्यात जास्त बघितल्या जाणाऱ्या देशात. सरळमार्गी माणूस, कुणाशी तंटा नाही.

त्याच्या क्लिपा कोण बघतं? हल सिटीवाले. बस.

देशाला पहिला विजय मिळवून देणारा कर्णधार नेटवर मागे आणि देशाच्या पहिल्या वर्ल्डकपमधून घरी हाकललेला माणूस पुढे. मध्यरेषा यांचं मत मला आवडत नाही, पण हा पुरावा त्यांच्या बाजूचा आहे.

गणितमास्तर

कोरेनचा तो गोल आठवतोय का? लांबून मारलेला साधा फटका, अल्जेरियाच्या गोलकीपरच्या हातून निसटला. त्याची क्लिप कोण पुन्हा पुन्हा बघेल? खेळाडूंची तुलना करायची तर खेळाची करा. झाहोविचचा डावा पाय बघा, चेंडू पायाशी येण्याआधीच कुठे द्यायचा ते ठरलेलं असायचं. कोरेन कष्टाळू होता. कष्टाची क्लिप बनत नाही.

उलटतपासणी

तेच म्हणतोय मी. क्लिप काय दाखवत नाही ते बोला. चेंडू गेल्यावर झाहोविच मागे धावायचा का? कातानेत्सने त्याला स्पेनविरुद्ध बाहेर का काढलं असेल? क्लिप बनवणारा नव्वद मिनिटांतली चाळीस सेकंद ठेवतो. उरलेल्या मिनिटांत काय चाललं होतं ते फक्त प्रशिक्षकाने बघितलं.

आणि 'तू खेळाडू म्हणून काय होतास' हे कुणाला ऐकवलं? कातानेत्स १९९१ ला सांपदोरियाकडून इटलीची लीग जिंकलेला, ९२ ला युरोपियन कपची फायनल खेळलेला माणूस. तेव्हाची इटालियन लीग म्हणजे काय होती ते वर चाळिशीवाल्यांना विचारा.

खुर्चीतला_मॅनेजर

हे खरं. कातानेत्सच्या क्लिपा मात्र कुणी टाकत नाही. दणकट खेळाडू, सगळं काम न दिसणारं.

केतकी_प

समजलं ते असं: शिव्या देणाऱ्याला व्ह्यूज, रडणाऱ्याला सहानुभूती, आणि जिंकून देणाऱ्याला काहीच नाही. क्रिकेटमध्येही वेगळं नाही म्हणा.

पण एक विचारते. त्याच वर्ल्डकपला असंच काहीतरी आयर्लंडचं झालं होतं ना? घरात दादा तेव्हा मँचेस्टर युनायटेडचा भक्त होता, अन्नपाणी सोडलं होतं.

मध्यरेषा

@केतकी_प, शाब्बास, क्रिकेटवाली म्हणे! रॉय कीन. स्पर्धा सुरू व्हायच्याही आधी, सैपान बेटावरच्या सराव शिबिरात मिक मॅकार्थीशी वाजलं आणि घरी गेला. तोही मिडफिल्डर, तोही संघातला सगळ्यात भारी खेळाडू, तोही प्रशिक्षकाला 'तू खेळाडू म्हणून काय' या चालीवर बोलला. एका वर्ल्डकपमध्ये दोन छोटे देश, दोन मिडफिल्डर, दोन परतीची विमानं.

फरक एवढाच की आयर्लंड कीनशिवाय शेवटच्या सोळांत गेला, स्लोव्हेनिया तिन्ही हरला. आणि कीनचं भांडण इंग्रजीत होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जगाला कळलं. झाहोविचचं स्लोव्हेनियनमध्ये, ते जगाला नीट कळायला नेट यावं लागलं, कुणीतरी भाषांतर करून टाकावं लागलं. म्हणून ते आजच्या पोरांना ताजं वाटतं. कीनची गोष्ट त्यांनी बापाकडून ऐकलेली असते.

निवांत_पेठकर

हा मुद्दा मात्र नवीन आहे. दहा गुण. (पर्वतीचे पाच धरून.)

साळगांवचो

मी परत येतो, कारण मामाला धागा वाचून दाखवला. त्याचं म्हणणं तुम्ही सगळे एक गोष्ट विसरलात. १ जुलै २०२४, युरो, फ्रँकफर्ट, पोर्तुगाल विरुद्ध स्लोव्हेनिया. जादा वेळेत स्लोव्हेनियाचा गोलकीपर ओब्लाकने रोनाल्डोची पेनल्टी अडवली, रोनाल्डो मैदानातच रडला, मग शूटआउटमध्ये पोर्तुगालचा गोलकीपर दियोगो कॉश्ताने स्लोव्हेनियाच्या तिन्ही पेनल्टी अडवल्या. पहिली कुणाची? इलिचिचची. झाहोविचनंतरचा त्यांचा सगळ्यात कलाकार डावखुरा, छत्तिसाव्या वर्षी, बदली म्हणून आत आलेला.

त्या रात्री आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय फिरलं? झाहोविच. बेन्फिकावाले म्हणाले, हा असता तर. पोर्तोवाले म्हणाले, हा असता तरी काय, २००१ ला कानने अडवलेली आठवा. बावीस खेळाडू मैदानात, आणि चर्चा कुणाची तर एकोणीस वर्षांपूर्वी खेळणं थांबवलेल्याची.

मामा म्हणतो, भांडण आणि गोल हे सगळं ठीक, पण त्याचे पास सुंदर होते हे इतक्या प्रतिसादांत फक्त दोघांनी लिहिलं. हे तुमच्या धाग्याचं दुर्दैव, असं त्याने लिहायला सांगितलंय. लिहिलं.

रंकाळा_काठ

मामांना मुजरा.

गणितमास्तर

मामांना +१. मी डाव्या पायाबद्दल लिहिलं होतं, मला दोघांत धरलं का ते विचारा.

साळगांवचो

धरलंय. दुसरा मी.

उलटतपासणी

मला एक सांगा, शेश्कोने ३५ चा आकडा ओलांडला की मास्तरांचा तक्ता बंद पडणार. तेव्हा बघू, झाहोविच नेटवर उरतो का. उरला तर मध्यरेषा जिंकले, नाही उरला तर मास्तर.

गणितमास्तर

मंजूर. पण तेव्हा तक्त्यात दुसरा नंबर त्याचाच असेल, तोही दाखवतात.

मध्यरेषा

मी मतावर ठाम. पण शार्लर्वाचा सामना मी आजवर तुकड्यांतच बघितलाय, हे रंकाळा यांचा प्रतिसाद वाचून टोचलं. पूर्ण रेकॉर्डिंग नेटवर आहे. रविवारी रात्री नऊला एकत्र सुरू करू, इथेच प्रतिसादांत बोलत बसू. उलटतपासणी यांनी फक्त झाहोविच चेंडूशिवाय काय करतो तेवढंच बघायचं आणि दर दहा मिनिटांनी कळवायचं. कोण कोण?

रंकाळा_काठ

मी. रखवालदारांनाही विचारतो, त्यांनी तेव्हा ३-० ला झोप काढली होती.

उलटतपासणी

येतो. वहीपेन घेऊन.

मुराकाठची

मीही. माझ्या मित्राच्या वडिलांना सांगू का? इंग्रजीत बोलतील, पण थांबणार नाहीत.

खुर्चीतला_मॅनेजर

सांगा, सांगा. त्यांच्या सौभाग्यवतींची परवानगी घेऊन.

संपादक मंडळ

द्राक्षछाटणीविषयीचे प्रतिसाद शेती विभागात हलवू का, अशी विचारणा आली आहे. धाग्याकर्त्याने कळवावे.

मध्यरेषा

राहू द्या इथेच. मारिबोरचीच आहेत ती.